जामीनदार

सात तारखेला पहाटे चार दहाला
हैदराबादच्या हॉटेलात फोन थरथरतो:
एक लाख सतरा हजार खात्यातून वजा.
अजून दातही घासलेले नसतात मी.
खांद्यावरच्या दोन पट्ट्या खुर्चीवर वाट बघतात;
शर्टाची इस्त्री माझी मीच करते,
लाँड्रीचे दर एकदाच वाचले होते.

मग रुद्राप्पा मामांना एक शब्द पाठवते: कापला.
ते उठलेलेच असतात. त्यांचाही एकच शब्द: आय्तु.
झालं म्हणजे.
आठ महिने आमचा पत्रव्यवहार एवढाच.

फॉर्मवर एक रकाना होता, जामीनदाराशी नाते.
बाबा उद्यमबागेत लेथवर,
त्यांचा पगार बँकेला बघूनच हसू आलं.
आत्यानं त्या आठवड्यात फोन बंद ठेवला.
तेव्हा पलीकडच्या घरातून रुद्राप्पा हंचिनमनी,
निवृत्त पोस्टमन, चष्मा पुसत आले:
"कुठं सही करायचं सांग की, वैजू."
कन्नडमध्ये केली. ठळक, न थांबता.
किती आहे ते वाचलंच नाही त्यांनी,
किंवा वाचलं असेल, आणि मला कळू दिलं नाही.
मॅनेजर म्हणाला, नाते काय लिहू?
बाबा म्हणाले, शेजारी.
मामा म्हणाले, गोडे ओंदे.
भिंत एकच आहे आमची, एवढं लिहा.

पगार तासांवर.
विमान बिघडलं की तास बुडतात,
माझं नाक चोंदलं की तास बुडतात,
डिसेंबरात धुकं बसलं की तीन-तीन दिवस बुडतात.
हप्ता धुक्यातही वेळेवर उतरतो.

पश्चिमेकडून सांबऱ्याला येताना
खाली तिसरं गेट, उद्यमबागेचे पत्रे.
बाबा मान वर करत नाहीत, जॉब फिरत असतो.
संध्याकाळी फोनवर म्हणतात,
"आज चार मिनिटं उशीर होता की तुला."
सांबऱ्यात थांबा पंचवीस मिनिटं.
घर अकरा किलोमीटर.
घरी मी "येतो" म्हणते, आईसारखी, आजीसारखी;
कॉकपिटात कुठल्याच भाषेत येत नाही, जातही नाही,
फक्त उंची, वेग, इंधन.
खिडकीतून कुंपणापलीकडे एक सायकल दिसते,
कुणाची ते ओळखण्याआधी
जिना वर ओढला जातो.

नवव्या सात तारखेला
कापला गेलं, आय्तु आलं नाही.
साडेचार. पाच. मग फोन बंद करायची वेळ.
सांबऱ्यात उतरून चालू केला,
आईचा निरोप: मामा रात्री गेले. झोपेतच.
कॅप्टन म्हणाले, पुढचं उड्डाण करशील ना?
चेकलिस्टमध्ये हा प्रश्न नाही.
मी म्हटलं, करते.
एक तास दहा मिनिटं, वहीत नोंदवली.

पंधरा दिवसांनी बँकेचं पत्र.
जामीनदार मयत झाल्याने नवीन जामीनदार द्यावा.
आणून देणाऱ्या पोरानं पत्राकडे बघितलं,
मग शेजारच्या दाराकडे.
पाकिटं लावायला मामांनीच शिकवलं होतं त्याला.

रात्री गंगव्वा आल्या. बसल्या नाहीत.
बांगड्या नसलेले हात पदरात.
"त्यांची पेन्शन आता मला येतंय म्हणे. अर्धा.
अर्धा सही चालतंय काय,
विचार की त्या मॅनेजरला."

आईनं गॅस बारीक केला.
मी विचारते म्हणाले.

अजून विचारलेलं नाही.
एकशे अकरा राहिलेत.
उद्या सहा तारीख, पहिलं विमान पाच पन्नासचं,
आणि फोनमध्ये त्यांचं नाव
पोस्टमन मामा असंच आहे,
प च्या रकान्यात, पगाराच्या खाली.